करंबळ, ऐकलं

सकाळी सात वाजता जांभखोऱ्यातल्या अकरा वाड्यांनी आपण जिवंत असल्याचं रेडिओवर सांगायचं, असा नियम होता. त्याला हजेरी म्हणत. निवळ्याच्या समाजमंदिरामागच्या पत्र्याच्या खोलीत बसून सानिकाबाई धनावडे ही हजेरी घेत. वय त्रेपन्न, आवाज खणखणीत, आणि जीभ अशी की त्यांच्या वाटेला सहसा कुणी जात नसे. वाडीचं नाव पुकारायचं, समोरून "सर्व ठीक, ओव्हर" आलं की "ऐकलं" म्हणायचं आणि पुढच्या वाडीकडे वळायचं. दहा वाड्यांपर्यंत त्यांचा चेहरा बरा असे. अकरावं नाव करंबळ. ते उच्चारताना रोज कारलं चावल्यासारखं होई.

करंबळला आता एकच चूल उरली होती, ती त्यांच्या सख्ख्या दिराची, श्लोक धनावड्याची. दीर-भावजयीत सात वर्षं विस्तव जात नव्हता. सानिकाबाईंच्या नवऱ्याला भात कापताना घोणस चावली, तेव्हा खोऱ्यात पळण्याजोगी एकच जीप होती आणि ती श्लोकच्या दारात उभी होती. माणूस पाठवला, तर श्लोकनं डिझेल नाही म्हणून सांगितलं. नवरा डोलीतच गेला. तेराव्याच्या दिवशी तीच जीप बाईंनी रस्त्यानं धावताना पाहिली. डिझेल नंतर मिळालं, असं श्लोक चार लोकांत म्हणाला. बाईंनी दिराशी बोलणं टाकलं ते कायमचं. पुढं हजेरीचं काम त्यांच्याकडे आलं आणि करंबळचा रेडिओ श्लोककडे, म्हणजे ज्याचं नाव घ्यायचं नाही त्याचं नाव रोज सकाळी घेणं आलं. पाच वर्षं त्या दिराशी दोनच शब्द बोलत आल्या होत्या. "करंबळ" आणि "ऐकलं".

रेडिओवर विसंबायची ही वेळ सूर्यामुळे आली होती. सूर्यावर वादळं होतात, हे पूर्वीही शाळेच्या पुस्तकात असे आणि परीक्षा झाली की मुलं ते विसरत. मग एका वर्षात तसली तीन वादळं पृथ्वीवर आदळली. मैलोन्‌मैल लांब विजेच्या तारांमध्ये नको तेवढा प्रवाह घुसला, मोठमोठे ट्रान्सफॉर्मर जळाले, उपग्रह मुके झाले. मोबाईलचे मनोरे विजेवाचून नुसते उभे राहिले. शहरांची सोय हळूहळू झाली. डोंगरातल्या वाड्यांच्या वाट्याला हातात धरायचा दुहेरी रेडिओ आला, आणि तो चार्ज करायला सूर्यप्रकाशावर चालणारी एक पाटी.

हा रेडिओ वापरायला पाच मिनिटांत शिकता येतं. बटण दाबायचं, एक श्वास थांबायचं, मग बोलायचं. बोलून झालं की "ओव्हर" म्हणून बटण सोडायचं, म्हणजे समोरचा बोलतो. बटण दाबलेलं असताना आपला कान बंद असतो, त्यामुळे आपलं बोलणं दुसऱ्याला कसं ऐकू गेलं ते बोलणाऱ्याला कधीच कळत नाही. अडचण डोंगरांची होती. या रेडिओच्या लहरी सरळ जातात, डोंगर आडवा आला की अडतात. म्हणून भैरवाच्या माथ्यावर रिपीटर बसवला होता. रिपीटर म्हणजे उंचावर बसलेला निरोप्या. वाडीचं बोलणं तो ऐकतो आणि त्याच क्षणी जरा वेगळ्या लहरीवर साऱ्या खोऱ्याला मोठ्यानं सांगतो. पण वाड्यांचे रेडिओ पाच वॉटचे आणि रिपीटर पन्नास वॉटचा. त्याचं सगळ्यांना स्वच्छ ऐकू यायचं, पण सगळ्यांचं त्याला ऐकू जाईलच असं नव्हतं.

आणखी एक गोष्ट होती, ती कुठल्याही माहितीपुस्तकात नव्हती. एकाचं बोलणं अकरा वाड्यांच्या कानांवर जात असे, म्हणून हजेरीवर कुणी दुखणं सांगत नसे. म्हैस मरो, पोर तापानं फणफणो, हजेरीवर "सर्व ठीक". मग दुपारी माणूस चालत यायचा आणि खरी गोष्ट कानात सांगायचा. आपल्या घरातलं रडगाणं दुसऱ्या वाडीनं चहाबरोबर ऐकावं, हे खोऱ्यात कुणालाच खपणारं नव्हतं. संकटासाठी म्हणून दिलेल्या रेडिओवर पाच वर्षांत एकदाही संकटाचा शब्द निघाला नव्हता.

मार्च महिन्यात तालुक्याहून डॉक्टर कियान दामले आले. ते औषधाचे डॉक्टर नव्हते, आवाजाच्या गणिताचे होते. तिशीतला माणूस, बूट लाल मातीत बुडालेले, आणि समोरच्याला काही कळत नाही हे धरूनच बोलणारा. सानिकाबाईंच्या डोक्यात तो पहिल्या पाच मिनिटांतच गेला. त्यानं आणलेल्या नव्या रिपीटरला तो सांधक म्हणत होता. जुना निरोप्या तुटकं ऐकलं तर तुटकंच सांगायचा, हा तुटलेलं सांधून सांगणार होता. त्यासाठी प्रत्येक वाडीच्या बोलणाऱ्याचा आवाज अर्धा तास भरून घ्यायचा आणि त्यात पाच वर्षांच्या हजेरीची, आवाजासकट साठवलेली टिपणं घालायची. त्यातून त्या माणसाच्या आवाजाचा साचा तयार व्हायचा. बोलण्यातला काही भाग वाटेत हरवला, तर हा माणूस इथं बहुधा काय बोलला असेल ते साच्यावरून काढून सांधक भोक बुजवणार, तेही त्याच्याच आवाजात.

"आन् जे आलंच न्हाई, ते कोन बोलतं?" बाईंनी विचारलं.

"तोच माणूस बोलतो, काकी. आवाज त्याचा, शब्द त्याचे, सवय त्याची."

"सवय म्हंजी मानूस न्हवं, साहेब."

दामले हसले. बाईंना ते हसणं जिव्हारी लागलं, पण सांधक बसला. त्याला एक मर्यादा घातलेली होती. बोलण्याचा तिसरा हिस्सा हरवला असेल तोवरच तो सांधायचा. त्याहून जास्त हरवलं तर गप्प बसायचा, आणि मग हजेरी घेणाऱ्यानं "पुन्हा बोला" असं सांगायचं.

इथंच माशी शिंकली. करंबळ एका सोंडेच्या आड होतं. तिथला आवाज निम्मा वाटेतच विरायचा, सांधक गप्प बसायचा, आणि सानिकाबाईंना श्लोकला "पुन्हा बोला" म्हणावं लागायचं. एकदा नाही, तीन-तीन वेळा. श्लोकला त्यात मजा वाटू लागली. "काय वहिनी, हल्ली ऐकू येत न्हाई का?" असं तो मधेच टाकायचा आणि नेमकं तेवढं स्वच्छ पोचायचं. दुसऱ्या वाड्या खुसखुसायच्या. ज्या माणसाशी दोन शब्द बोलणंही नको, त्याला रोज बोलण्याची विनवणी करायची, याचा बाईंना संताप संताप व्हायचा.

जूनमध्ये दामले तपासणीला आले, तेव्हा करंबळपुरती मर्यादा काढून टाका, असा बाईंनी हट्टच धरला. दामल्यांनी समजावून पाहिलं. मर्यादा काढली की कितीही थोडं आलं तरी सांधक वाक्य पुरं करणार, नुसतं बटण दाबलं तरी पुरं करणार. बाई म्हणाल्या की तो माणूस पाच वर्षं एकच वाक्य बोलतोय, त्यात पुरं करायला आहेच काय. दामलेही त्यांच्या रोजच्या तक्रारींना विटले होते आणि यंत्रावर त्यांचा जीव होता. त्यांनी कागद काढला, बाईंनी सही केली. सह्या करताना दोघांनी एकमेकांकडे पाहिलंही नाही. दुसऱ्या दिवसापासून करंबळ शेजारी येऊन बसल्यासारखं स्वच्छ बोलू लागलं आणि "पुन्हा बोला" हे शब्द संपले.

श्रावणात एक बरी बातमी आली, म्हणजे सानिकाबाईंना बरी वाटली. श्लोकची काळी शेळी बिबट्यानं नेली. तिच्या गळ्यातली पितळी घंटी कारवीच्या रानात वनरक्षकाला सापडली. करंबळचा चढ चढायचा कंटाळा म्हणून त्यानं ती निवळ्यातच बाईंच्या हातात दिली, दिराकडे पोचवा म्हणाला. घंटी बाईंच्या सासऱ्याची होती. तिला चीर गेलेली होती आणि तिचा आवाज ठण्ण न येता ठक्‌-झर्र असा यायचा. वाटणीत ती श्लोकनं ओढून नेली होती. बाईंनी ती रेडिओच्या बाजूला फळीवर ठेवली आणि कुणाला पोचवली नाही. शोधू दे रानात, असं त्या मनात म्हणाल्या आणि आठवडाभर त्यांना चांगली भूक लागली.

ऑगस्टच्या अखेरीस पाऊस लागला तो सुटेचना. पत्र्यावर असा मारा चालला होता की हजेरी घेताना कानाला हात लावून बसावं लागे. वाटा बुडाल्या, वनरक्षकाच्या फेऱ्या थांबल्या. तरी रोज सातला अकरा वेळा "सर्व ठीक" येत होतं. पाटीला ऊन मिळेना, म्हणून हजेरी झाली की बॅटरी वाचवायला सगळे रेडिओ बंद करत.

विसाव्या दिवशी उघडलं. पत्रा गप्प झाला. बाईंनी हजेरी सुरू केली, दहा नावं झाली.

"करंबळ."

"निवळे, करंबळ बोलतंय. सर्व ठीक, ओव्हर."

आवाज श्लोकचाच होता, तसाच कुर्रेबाज. पण त्याच्या मागं, अगदी बारीक, ठक्‌-झर्र वाजलं. बाई सवयीनं "करंबळ, ऐकलं" म्हणाल्या आणि मग त्यांनी मान वळवून फळीकडे पाहिलं. शेळी गोठ्यात दावणीला असावी आणि मान हलवावी, तसा तो आवाज होता. घंटी त्यांच्या समोर फळीवर होती. त्यांनी उचलून हलवली. ठक्‌-झर्र.

मग त्यांनी विचार केला. शेळी मेली होती, घंटी इथं होती, तरी ती करंबळला वाजत होती. म्हणजे जे वाजलं ते आजचं नव्हतं, मार्चमधलं होतं. दामल्यांनी श्लोकच्या ओसरीत बसून आवाज भरून घेतला तेव्हा शेळी शेजारी बांधलेली असणार आणि साच्यात तिची घंटीही उतरली असणार. आजच्या वाक्यात आजचं काहीच नव्हतं.

त्यांनी लगेच करंबळच्या पायथ्याच्या वाडीला पुकारलं आणि दोन माणसं वर धाडायला सांगितली. हजेरीच्या बाहेर बाई बोलतायत, आणि तेही करंबळसाठी, याचंच त्या वाडीला आश्चर्य वाटलं. दामले उघडीप पाहून त्याच सकाळी भैरवावर चढले होते. बाईंनी त्यांनाही खाली बोलावलं. अकराच्या सुमाराला ते टिपणपेटी घेऊन आले, ते वैतागूनच. या पेटीत डोंगरावर आलेला मूळ आवाज, सांधण्यापूर्वीचा, रोजच्या रोज जमा होत असे. तो ऐकायची आजवर कुणाला गरज पडली नव्हती.

"असं होणं शक्य नाही," ते म्हणाले. मग त्यांनी आकडे पाहिले.

वीस दिवसांपूर्वी करंबळची लहर एकाएकी क्षीण झाली होती. उंच बांबूवरची एरियल गेली असणार आणि रेडिओच्या स्वतःच्या आखूड शेंडीवरच काम चाललं असणार, असा दामल्यांचा अंदाज होता. डोंगराला करंबळचं जेमतेम कानावर येत होतं. करंबळला मात्र डोंगराचं सगळं स्वच्छ ऐकू जात होतं.

दामल्यांनी सांधणी बाजूला केली आणि पहिला दिवस लावला. खरखर. तिच्यातून शब्द वर आले आणि बुडाले. "...वहिनी... दरड आली... पाय... दगडाखाली..." मग बटण सुटल्याचा आवाज. आणि मग स्वच्छ, खणखणीत, शिस्तीत, बाईंचा स्वतःचाच आवाज आला. "करंबळ, ऐकलं."

दुसऱ्या दिवशी श्लोक म्हणत होता, "...ऐकलं म्हनता... मग मानसं..." त्यावर पुन्हा तेच दोन शब्द. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या दिवशीही तसंच. दामले थांबवायला गेले, तेव्हा बाईंनी त्यांचा हात झटकला. आठव्या दिवशी खरखर जरा कमी होती. श्लोकचा आवाज बसलेला होता. "वहिनी... डिझेल व्हतं... त्या दिवशी... व्हतं..." एवढं आलं. सात वर्षं ज्या वाक्याची त्यांनी वाट पाहिली होती, ते वाक्य त्यानं अकरा वाड्यांच्या कानांवर पडेल असं समजून उघड सांगितलं होतं. खोऱ्यानं त्याऐवजी ऐकलं होतं, सर्व ठीक. आणि बाईंनी उत्तर दिलं होतं, "करंबळ, ऐकलं."

बारा दिवसांनंतर नुसता श्वास होता. सोळाव्या दिवसापासून तोही नव्हता. सातच्या ठोक्याला बटण दाबलं जायचं, थोडा वेळ दाबलेलं राहायचं आणि सुटायचं.

"मी सांगितलं होतं तुम्हाला," दामले म्हणाले. "कागदावर तुमची सही आहे."

"खाली तुमचीबी हाय," बाई म्हणाल्या.

त्यानंतर दोघं एका खोलीत वर गेलेल्या माणसांच्या निरोपाची वाट पाहत बसली. चार वाजता करंबळहून निरोप आला. वाट दोन ठिकाणी तुटलेली, घर अर्धं गाडलेलं. श्लोक चार दिवसांपूर्वी गेला होता. त्याची बायको अन्वी जिवंत होती. अंगात बोलायचं बळ उरलं नव्हतं, तरी रोज सातला बटण तीच दाबत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला डोलीतून निवळ्यात आणलं. ती वाळून काटकी झाली होती, पण शुद्धीत होती. समाजमंदिरात लोक जमले. सानिकाबाई पुढं झाल्या आणि सांगू लागल्या. त्यांना एवढं बोलताना कुणी कधी ऐकलं नव्हतं. यंत्र, साचा, मर्यादा, सगळं सांगितलं. दामल्यांनी पेटी आणली आणि खोऱ्याला काय ऐकू आलं ते लावून दाखवलं. नवऱ्याचं "सर्व ठीक" ऐकून अन्वीनं डोळे मिटले. ते संपेपर्यंत तिनं उघडले नाहीत.

"तो अखेरीला काय म्हनला?" बाईंनी विचारलं.

"म्हनला, वहिनी ऐकत्यात. रोज ऐकलं म्हनत्यात. सूड उगवून झाला की मानसं धाडतील." अन्वीनं पहिल्यांदाच जावेकडे नीट पाहिलं. "अक्का, 'सर्व ठीक' यंत्र म्हनलं असंल, मानलं मी. 'ऐकलं' कोन म्हनलं?"

बाईंना उत्तर ठाऊक होतं. त्यातही वाईट हे, की पहिल्या दिवशीचे ते शब्द खरोखर कानावर आले असते तर आपण माणसं धाडली असती का, हे त्यांनी स्वतःला विचारलं आणि हो म्हणायला त्यांना वेळ लागला. तो वेळ अन्वीनं पाहिला. ती डोलीवाल्यांना म्हणाली, चला. पुढं ती माहेरी गेली आणि परत खोऱ्यात आली नाही.

सानिकाबाईंनी त्याच दिवशी काम सोडलं. सांधक बंद ठेवून हजेरी घेऊन पाहिली, तर चार वाड्यांचं बोलणं खरखरीत तुटत आलं. लोकांना ती खरखर सोसेना. तीन दिवसांत दहाही वाड्यांनी सांधक सुरू करा म्हणून सांगितलं. प्रश्न उरला हजेरी घेणाऱ्याचा. ती खुर्ची आता कुणालाच नको होती. जो "ऐकलं" म्हणेल त्याला उद्या कुणीतरी जाब विचारणार, हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. दामल्यांनी तोडगा काढला. सानिकाबाईंच्या पाच वर्षांच्या हजेरीची टिपणं होतीच आणि सगळ्या खोऱ्यात त्यांच्याइतका पक्का साचा दुसऱ्या कुणाचा नव्हता. बाई भांडायला तालुक्याला गेल्या. तिथं त्यांना जूनचा कागद दाखवला. त्यात साचे तालुक्याच्या रेडिओ केंद्राच्या मालकीचे असं एक वाक्य होतं आणि त्याखाली त्यांची सही होती. खोऱ्यातल्या एकानंही त्यांची बाजू घेतली नाही.

आता सकाळी सात वाजता शेजारच्या ओसरीतून त्यांचा आवाज येतो. खणखणीत, शिस्तीत. तो एकेक वाडी पुकारतो, समोरून सर्व ठीक येतं, आवाज ऐकलं म्हणतो. वाड्या चहा पीत असतात. सानिकाबाई दारात बसून मोजतात. दहा होतात. करंबळचं नाव यादीतून काढायचं राहून गेलंय. साच्याच्या सवयीत नावं अकराच आहेत आणि ते काढायला कुणी भैरवावर चढलेलं नाही.

"करंबळ," त्यांचा आवाज म्हणतो. मग दोन श्वासांची शांतता. बाई हातातली घंटी मुठीत घट्ट धरतात, वाजू देत नाहीत.

"करंबळ, ऐकलं."